हॉटेलच्या नूतनीकरणातील शॉवरच्या काचा: मापे केव्हा घ्यावीत आणि काच कोणती मागवावी?

सिंधुसागर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेले अकरा महिने मी दक्षिण गोव्यातील समुद्रकाठच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या नूतनीकरणावर साइट इंजिनिअर म्हणून काम करीत आहे. हॉटेलचे किंवा कोणत्याही ठेकेदाराचे नाव येथे देणे उचित होणार नाही. एकूण ९६ खोल्या आहेत. प्रत्येक खोलीतील जुना बाथटब काढून त्या जागी काचेने बंदिस्त केलेला, चौकट नसलेला शॉवर करायचा आहे. पहिल्या मजल्यावरील २२ खोल्यांचे काम पूर्ण झाले आहे. त्यात ज्या चुका झाल्या त्या उरलेल्या ७४ खोल्यांत होऊ नयेत, एवढ्यासाठीच हा धागा काढत आहे.

पहिला प्रश्न मापांचा आहे. आराखड्यात बावीसही न्हाणीघरे अगदी एकसारखी दिसतात. काचेच्या ठेकेदाराने त्यांतील तीन न्हाणीघरे मोजली आणि त्या मापांवर सगळ्या खोल्यांच्या काचा मागवल्या. काच यायला तीन आठवडे लागणार होते, ऑक्टोबरात हंगाम सुरू होण्यापूर्वी मजला हॉटेलच्या ताब्यात द्यायचा होता, आणि त्या घाईत मीही होकार दिला. ही चूक माझीच आहे. काचा आल्यावर बावीसपैकी नऊ खोल्यांत स्थिर काच आणि भिंत यांच्यामधली फट वर ४ मिमी आणि खाली १५ मिमी अशी पाचरीसारखी निघाली. टफन केलेली (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली) काच साइटवर एक मिलिमीटरही घासता येत नाही, त्यामुळे काही ठिकाणी सिलिकॉनचा जाड थर भरून वेळ मारून नेली आणि पाच काचा पुन्हा मागवल्या. पांढऱ्या संगमरवरावर सिलिकॉनचा तो जाड पट्टा पाहिला की आजही मन खट्टू होते.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. एका खोलीतील शॉवरचा दरवाजा बसवल्यानंतर एकोणीस दिवसांनी, रात्री दोनच्या सुमारास, खोली बंद असताना आपोआप फुटला. पहारेकऱ्याने आवाज ऐकून दार उघडले, तेव्हा न्हाणीघरभर खडीसाखरेसारख्या तुकड्यांचा थर पडला होता आणि भिंतीवरच्या दोन बिजागऱ्यांत काचेचे ओंजळभर तुकडे तसेच अडकून राहिले होते. आत कोणी असते तर काय झाले असते, या विचाराने मला पुढच्या दोन रात्री झोप लागली नाही. ठेकेदाराचे म्हणणे असे, की टफन काच अशी कधी कधी फुटतेच आणि त्याला इलाज नाही. हे उत्तर मला पटलेले नाही.

तिसरी गोष्ट बिजागऱ्यांची. त्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत असे सांगून बसवल्या गेल्या आणि तीनच आठवड्यांत त्यांवर चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके उमटले. समुद्राची हवा हे कारण सांगितले जाते.

या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

गुण्या

सिंधुसागर, आपण स्वतःची चूक मोकळेपणाने लिहिलीत, म्हणून मीही हातचे काही न राखता लिहितो. मी फरशी आणि वॉटरप्रूफिंगची कामे करतो. हॉटेलांच्या जुन्या इमारतींतच माझी बरीच वर्षे गेली आहेत.

काच आरसपानी सरळ असते, भिंत तशी कधीच नसते. जुन्या इमारतीत तर गिलाव्यावर गिलावा आणि फरशीवर फरशी असे थर चढलेले असतात. बाथटबच्या मागची भिंत मूळ बांधकामाच्या वेळी कोणी नीट ओळंब्यात घेतलेलीच नसते, कारण ती दिसणार नव्हती. टब निघाला की तीच भिंत काचेच्या शेजारी उभी राहते. त्यामुळे काचेच्या मापाचा विचार संगमरवर लावण्यापूर्वी करावा लागतो. ज्या भिंतीला काच टेकणार आहे त्या भिंतीवर फरशी लावताना मिस्त्रीला स्पष्ट सांगावे, की या उभ्या पट्ट्यात वरपासून खालपर्यंत एका सुतापेक्षा जास्त फरक चालणार नाही. आमचे मिस्त्री अजूनही सुतातच बोलतात, आणि एक सूत म्हणजे साधारण ३ मिमी. एवढा फरक ठेवून चांगला मिस्त्री काम करून देतो. मात्र त्याला ते फरशी लावण्याआधी सांगायला हवे. काच आल्यावर सांगून उपयोग नाही.

आता उताराचे पाहा. शॉवरच्या जागेत पाणी वाहून जायला साधारण ८० ला १ असा उतार देतात. म्हणजे ९०० मिमी लांबीत सुमारे ११ मिमी. काच जर या उतारावरच उभी केली तर तिची खालची कड तिरकी कापून घ्यावी लागते, आणि प्रत्येक खोलीत उतार थोडा वेगळा असल्यामुळे प्रत्येक काच वेगळी होते. आपल्याकडे टब काढलेला आहे, म्हणजे जुन्या टबचा निचरा बहुधा कोपऱ्यात आहे आणि उतार दोन दिशांनी गेलेला असणार. अशा वेळी काचेखाली ग्रॅनाइटची सलग पट्टी बसवावी. लांबीत तिला अगदी पातळीत ठेवावे आणि रुंदीत मात्र तिला आतल्या बाजूला २ मिमीचा झुकाव द्यावा. मग काच सरळ पातळीवर उभी राहते आणि पट्टीवर पडलेले पाणी बाहेर येण्याऐवजी आत परतते. ही पट्टी वॉटरप्रूफिंगच्या थराच्या वर यावी. तिला धरण्यासाठी खाली स्क्रू मारू नयेत. मी पाहिलेल्या गळतीच्या प्रकरणांत निम्म्याहून जास्त वेळा कारण हेच होते: वॉटरप्रूफिंग उत्तम झालेले, ४८ तास पाणी भरून तपासलेले, आणि त्यानंतर काचेच्या फिटरने यू चॅनेलसाठी (काचेची कड धरणाऱ्या धातूच्या खाचेसाठी) त्याच तळात सहा भोके पाडलेली. दरवाज्यासाठी जमिनीत पुरण्याची स्प्रिंग तर शॉवरच्या ओल्या भागात मुळीच घेऊ नये.

माप घेण्याचा क्रम माझ्या मते असा असावा. फरशी, पट्टी आणि ग्राउट (फरशीच्या सांध्यांतला भराव) पूर्ण झाल्यानंतरच मोजावे, कारण फरशीची जाडी आणि मागचा मसाला धरून काढलेले माप हा केवळ अंदाज असतो. रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी घ्यावी. उंची दोन्ही टोकांना घ्यावी. लेझरची रेषा भिंतीशेजारी उभी टाकून प्रत्येक ३०० मिमीवर भिंतीपर्यंतचे अंतर लिहून घ्यावे, म्हणजे भिंतीचे पोट कुठे आले आहे ते कळते. हे सारे एका कागदावर, त्या खोलीचा क्रमांक घालून, मोजणाऱ्याच्या आणि तपासणाऱ्याच्या सहीने नोंदवावे. ९६ खोल्या म्हणजे ९६ कागद. कामगारांना हे जाचक वाटते, पण एका चुकलेल्या काचेची किंमत आणि तीन आठवड्यांची खोळंबलेली खोली यांच्यापुढे तो अर्धा तास काहीच नाही.

आणखी एक गोष्ट विचारतो. बिजागरीच्या मागे भिंत कसली आहे? विटेची असेल तर प्रश्न नाही. पण हलक्या ब्लॉकची किंवा जिप्सम बोर्डची असेल तर दरवाज्याचे वजन साध्या प्लगवर राहत नाही.

---

सिंधुसागर

गुण्या, मनःपूर्वक आभार. सेवा लिफ्टच्या बाजूची भिंत विटेची आहे. दोन खोल्यांमधली भिंत हलक्या ब्लॉकची असून सध्या साधे प्लग वापरले आहेत. तो मुद्दा मी आजच तपासायला घेतो.

फुटलेल्या दरवाज्याबद्दल एक माहिती राहिली होती. सकाळी मी पोहोचेपर्यंत सफाई कर्मचाऱ्यांनी सगळे तुकडे गोळा करून पोत्यात भरले होते. बिजागऱ्यांतले तुकडे मात्र मी तसेच ठेवायला सांगितले आहेत.

---

भट्टीवाला

मी पुण्याजवळच्या एका टफनिंग कारखान्यात उत्पादन विभागात काम करतो. काच आपोआप का फुटते हे समजून घ्यायचे तर ती टफन कशी होते तेथून सुरुवात करावी लागेल.

साधी सपाट काच, म्हणजे फ्लोट काच, आधी हव्या त्या मापात कापतात, कडा घासून पॉलिश करतात, बिजागरी आणि हँडलसाठी भोके पाडतात. त्यानंतर ती भट्टीत साधारण ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि बाहेर येताच दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडतात. पृष्ठभाग क्षणात थंड होऊन कडक होतो, आतला गाभा अजून गरम असतो. तो नंतर आकसू लागतो आणि पृष्ठभागाला आत ओढतो. अशा रीतीने पृष्ठभागावर दाब आणि गाभ्यात ताण कायमचा साठवला जातो. अमेरिकेच्या मानकात पूर्ण टफन काचेसाठी पृष्ठभागावरील दाब किमान ६९ मेगापास्कल मागितला आहे. काच चार ते पाच पट मजबूत होते ती या दाबामुळे, आणि कुठेही खोल चरा जाऊन गाभ्यातला ताण मोकळा झाला की संपूर्ण काच एका क्षणात चुरा होते तीही याच कारणाने. म्हणूनच टफन केल्यावर ती कापता किंवा घासता येत नाही. तुकडे लहान आणि बोथट पडावेत ही अपेक्षा असते. युरोपच्या मानकानुसार ४ ते १२ मिमी जाडीच्या काचेत ५० मिमी बाजूच्या चौकोनात किमान ४० तुकडे मोजले गेले पाहिजेत.

आपोआप फुटण्याची दोन मुख्य कारणे आहेत, आणि ठेकेदार मंडळी नेहमी पहिल्याच कारणाकडे बोट दाखवतात.

पहिले कारण निकेल सल्फाइड. काच वितळवताना कच्च्या मालातून किंवा यंत्रांच्या धातूतून निकेलचा अंश आला आणि त्याचा गंधकाशी संयोग झाला, की सूक्ष्म गोळे तयार होतात. ते सहसा मिलिमीटरच्या अंशाएवढेच असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. जास्त तापमानाला त्यांचे एक स्फटिकरूप असते आणि ३७९ अंशांखाली दुसरे. साध्या काचेत हा बदल सावकाश थंड होतानाच पार पडतो. टफनिंगमध्ये काच इतकी झपाट्याने थंड होते, की तो बदल अर्धवट राहतो आणि पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी पूर्ण होतो. त्या वेळी गोळ्याचे आकारमान दोन ते चार टक्क्यांनी वाढते. तो ताणाच्या गाभ्यात असेल तर काच फुटते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या आयसीआय हाउस या इमारतीच्या काचा फुटू लागल्या, तेव्हा बॅलंटाइन या संशोधकाने १९६१ मध्ये हे कारण शोधून काढले. एवढ्या जुन्या आणि माहीत असलेल्या गोष्टीवर इलाज नाही असे म्हणणे योग्य नाही. उपाय म्हणजे हीट सोक. टफन केलेल्या काचा पुन्हा भट्टीत घालून काही तास तापत्या ठेवतात, म्हणजे ज्या फुटायच्या आहेत त्या कारखान्यातच फुटतात. युरोपच्या ईएन १४१७९ या मानकात आधी यासाठी २९० अंश तापमान होते, २०१६ च्या आवृत्तीत ते २६० अंश केले, आणि त्या तापमानाला दोन तास ठेवतात. याने धोका फार मोठ्या प्रमाणात घटतो, शून्य मात्र होत नाही.

दुसरे कारण कडेची किंवा भोकाची इजा. साइटवर काच फरशीवर टेकवताना कोपरा आपटतो, किंवा बिजागरीच्या धातूचा काचेला थेट स्पर्श होतो. लगेच काही होत नाही. शिंपल्यासारखा छोटा टवका पडतो आणि दरवाज्याच्या उघडझापीने किंवा तापमानाच्या फरकाने तो हळूहळू आत सरकतो. भोकाचा व्यास काचेच्या जाडीहून कमी नसावा, भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत जाडीच्या दुप्पट अंतर असावे आणि कोपऱ्यापासून सहापट, हा आमच्याकडचा नियम आहे.

यांतले कोणते कारण हे तुकडेच सांगतात. निकेल सल्फाइड असेल तर फुटीच्या उगमापाशी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे जोडीने दिसतात आणि त्यांच्या सीमेवर बारीक काळसर ठिपका असतो. काच फुटली की झाडण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत आणि तडे ज्या बिंदूकडून पसरले तेथील तुकडे वेगळे ठेवावेत. आपल्याकडे ते गेले याचे वाईट वाटते. तरीही बिजागऱ्यांतले तुकडे भिंगाखाली पाहा, आणि इतर खोल्यांतील दोन-चार बिजागऱ्या सोडवून आत रबरी पॅकिंग आहे का तेही पाहा.

काचेच्या कोपऱ्यावर आयएस २५५३ या भारतीय मानकाचा शिक्का कोरलेला असायला हवा. स्टिकर चालत नाही, तो पहिल्या धुण्यात निघून जातो.

---

नवखा_आरेखक

उत्तम चर्चा. आमच्या कार्यालयात पांढऱ्या संगमरवरासाठी एक्स्ट्रा क्लिअर (हिरवट झाक नसलेली) काचच घ्यावी असा आग्रह असतो. तिच्या किमतीतला फरक खरोखर दिसतो का? आणि एक्स्ट्रा क्लिअर काच आपोआप फुटत नाही असे ऐकले आहे, ते बरोबर आहे का?

---

भट्टीवाला

फरक दिसतो, आणि पांढऱ्या संगमरवरासमोर तर नक्कीच दिसतो. साध्या काचेत लोहाचा अंश साधारण ०.१ टक्का असतो, एक्स्ट्रा क्लिअर काचेत तो ०.०१ ते ०.०२ टक्क्याच्या आसपास आणतात. १० किंवा १२ मिमी जाडीत साध्या काचेची कड बाटलीसारखी हिरवी दिसते आणि चौकट नसलेल्या शॉवरमध्ये कड उघडीच असते. राखाडी किंवा गडद दगड असेल तर हा खर्च टाळावा.

आपोआप फुटण्याचा लोहाशी संबंध नाही. एक्स्ट्रा क्लिअर काचही टफन केलेली असेल तर तिलाही हीट सोक करून घ्यावे.

---

खाडीपार

मी गेली बारा वर्षे मस्कत आणि दुबई येथे हॉटेलांच्या काचकामाचा सल्लागार म्हणून काम करतो. मूळचा वेंगुर्ल्याचा आहे, त्यामुळे गोव्याच्या हवेची मला दोन्हीकडून कल्पना आहे.

सिंधुसागर, आपल्या बिजागऱ्यांविषयी लिहितो. ३०४ आणि ३१६ या स्टेनलेस स्टीलच्या दोन प्रकारांत मुख्य फरक मॉलिब्डेनम या धातूचा आहे. ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असते, ३०४ मध्ये मुद्दाम घातलेले नसते. खारट हवेतील क्लोराइडला ३१६ जास्त काळ तोंड देते. समुद्राकाठी ३१६ च घ्यावे आणि लोहचुंबक लावून खात्री झाली असे समजू नये. चुंबकाने ३०४ आणि ३१६ यांतला भेद कळत नाही. मॉलिब्डेनम ओळखणारे रसायन मिळते, त्याचा एक थेंब आतल्या बाजूला टाकून पाहता येतो.

तथापि तीन आठवड्यांत डाग, तेही बंद न्हाणीघरात, हे फक्त समुद्राचे काम नाही. आपल्याकडे बिजागऱ्या बसवल्यानंतर फरशी ॲसिडने धुतली होती का? ग्राउटचा पांढुरका थर काढण्यासाठी मिस्त्री हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात. बंद न्हाणीघरात त्याची वाफ स्टीलवर बसते आणि एका दुपारी जो घात होतो तो समुद्राला करायला वर्ष लागेल. शिवाय संगमरवरालाही ते खाते. मी माझ्या प्रत्येक कामावर असे लिहून घेतो, की काचेचे आणि धातूचे सामान खोलीत आल्यावर ॲसिडची बाटली त्या मजल्यावर दिसता कामा नये.

वजनाचा हिशेबही करून पाहा. काचेचे वजन जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला चौरस मीटरमागे अडीच किलो धरतात. ८०० मिमी रुंद आणि २१०० मिमी उंच दरवाजा १० मिमी जाडीत ४२ किलो होतो, १२ मिमीमध्ये ५० किलोच्या वर जातो. जाड काच म्हणजे आलिशान, या समजुतीने १२ मिमी घेतात आणि बिजागऱ्यांची जोडी मात्र ४५ किलोची लावतात. सहा महिन्यांत दरवाजा खाली झुकतो आणि त्याची कड पट्टीला घासू लागते. दरवाज्यासाठी १० मिमी पुरेशी असते.

फुटण्याच्या धोक्याविषयी एक उदाहरण देतो. कॅनडातील टोरोंटोमध्ये २०११ साली उंच इमारतींच्या सज्ज्यांच्या काचा फुटून खाली पडल्या आणि २०१२ मध्ये तेथील ऑन्टारिओ प्रांताने सज्ज्यांसाठी लॅमिनेटेड (मध्ये चिकट थर घालून जोडलेल्या) किंवा हीट सोक केलेल्या काचेचा नियम केला. शॉवरमध्ये माणूस उघड्या अंगाने काचेपासून हातभर अंतरावर असतो, याचा विचार करता हीट सोकचा खर्च वाचवण्यात मला काही अर्थ वाटत नाही. आपल्याकडे आयएस १६२३१ चा चौथा भाग माणसाच्या धडकेपासूनच्या सुरक्षिततेबद्दल आहे, तोही ठेकेदाराच्या करारात नावाने लिहावा.

आणि दरवाजा बाहेर उघडलाच पाहिजे. आत कोणी घसरून पडले आणि दरवाजा आत उघडणारा असला, तर पडलेल्या माणसाच्या शरीरानेच तो अडतो.

---

पारिजात

मी मुंबईतील एका हॉटेलमध्ये हाउसकीपिंगची व्यवस्था पाहते. आपली चर्चा काच बसेपर्यंतची आहे. त्यानंतर ती काच रोज पुसायची असते, आणि ते काम आमच्या मुली करतात. म्हणून चार गोष्टी लिहिते.

स्थिर काच आणि कमोड यांच्यामध्ये काही वेळा चार बोटांचीच जागा सोडलेली असते. तेथे हात जात नाही, वायपर जात नाही, आणि वर्षभरात तो पट्टा काळा पडतो. पाहुण्याने तक्रार केली की बोलणी त्या मुलीला बसतात. कृपया आराखडा मंजूर करण्यापूर्वी एखाद्या सफाई कर्मचाऱ्याला त्या नमुना खोलीत उभे करा आणि काच दोन्ही बाजूंनी पुसून दाखवायला सांगा. आमच्याकडे मागच्या नूतनीकरणात हे केले, तेव्हा एक काच १५० मिमी सरकवावी लागली. कागदावर ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

पाणी कठीण असेल तर काचेवर पांढरे ठिपके राहतात. ते वेळेवर पुसले नाहीत तर पुढे पुढे काचेचा पृष्ठभागच खरवडल्यासारखा होतो आणि मग कशानेही निघत नाहीत. व्हिनेगरने ठिपके जातात हे खरे आहे, पण काचेवरून ओघळलेले व्हिनेगर खाली संगमरवरावर पडते आणि संगमरवर आम्लाने झिजून निस्तेज होतो. ज्या हॉटेलात संगमरवर आणि काच शेजारी शेजारी आहेत तेथे आम्ही आम्लरहित साबणाचे पाणी, लगेच वायपर आणि शेवटी कोरडा मायक्रोफायबर एवढेच वापरतो. काचेवर पाणी न धरणारा लेप मिळतो, त्याचा उपयोग होतो, पण तो कायमचा नसतो. तो पुन्हा केव्हा लावायचा हे हॉटेलला लेखी द्या.

नळाची जागा हाही काचेचाच प्रश्न आहे. शॉवरची कळ समोरच्या भिंतीवर, अगदी झोताखाली असली, की पाहुणा पाणी कोमट होईपर्यंत गार पाण्यात उभा राहतो किंवा दार उघडे ठेवून हात घालतो आणि बाहेर सगळे ओले होते. कळ दरवाज्याच्या हाताशी असावी.

शेवटचे वयस्कर पाहुण्यांविषयी. अगदी स्वच्छ पुसलेली स्थिर काच त्यांना दिसत नाही. आमच्याकडे एक आजी तिच्यावर आदळल्या, सुदैवाने फार लागले नाही. नजरेच्या उंचीवर धुरकट पट्टा घेतला तर शोभेत काही उणे होत नाही.

---

गुण्या

पारिजातताई, आपला प्रतिसाद आमच्या प्रत्येक साइटवर लावून ठेवावा असा आहे. सिलिकॉनविषयी एक राहिले होते. आंबूस वास येणारे सिलिकॉन स्वस्त असते, पण तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो, म्हणजे संगमरवराला पुन्हा आम्लच. संगमरवराशेजारी न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन घ्यावे. तेही आधी दगडाच्या टाकाऊ तुकड्यावर लावून आठवडाभर पाहावे, कारण काही सिलिकॉनमधले तेल दगडात झिरपते आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना ओलसर दिसणारी किनार कायमची राहते. सिलिकॉन भरल्यावर किमान २४ तास शॉवर सुरू करू देऊ नये.

---

सिंधुसागर

मंडळी, तीन दिवस उत्तर देता आले नाही, कारण आपण सांगितलेले तपासण्यातच वेळ गेला.

भट्टीवाला यांनी सुचवल्याप्रमाणे उरलेल्या एकवीस दरवाज्यांच्या बिजागऱ्या सोडवून पाहिल्या. सात दरवाज्यांत खालच्या बिजागरीत रबरी पॅकिंग नव्हते. फिटरने दरवाजा वर उचलून बसवताना जागा कमी पडते म्हणून ते काढून टाकले होते. त्यांपैकी दोन काचांच्या भोकाच्या कडेला नखाएवढा टवका स्पष्ट दिसला. तो टवका मी बोटाने चाचपला तेव्हा अंगावर काटा आला, कारण त्यांतल्या एका खोलीत पुढच्या शुक्रवारी पाहुणे येणार होते. दोन्ही दरवाजे तत्काळ उतरवले. फुटलेल्या दरवाज्याच्या बिजागरीतही पॅकिंग सापडले नाही. तेथील तुकड्यांवर भोकाच्या कडेला चकचकीत ओरखडा आहे. उगमाचे तुकडे हाती नसल्याने ठामपणे म्हणता येणार नाही, पण निकेल सल्फाइडचे नाव पुढे करून हा विषय मिटवू देणार नाही.

खाडीपार यांचा अंदाज खरा ठरला. बिजागऱ्या बसवल्यानंतर तिसऱ्या दिवशी फरशी ॲसिडने धुतली गेली होती, दारे लावून. मिस्त्रीने ते लपवले नाही. त्याला कोणी नको असे सांगितलेच नव्हते. बिजागऱ्यांचा नमुनाही तपासला आणि त्यात मॉलिब्डेनम आढळले नाही, म्हणजे कागदावर ३१६ आणि हातात दुसरेच काही, असा प्रकार झाला आहे. पुरवठादाराला त्या परत जात आहेत.

हलक्या ब्लॉकच्या भिंतींत आता केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेले बोल्ट) घेतले आहेत. पुढच्या काचांच्या मागणीत हीट सोकचे प्रमाणपत्र, कोरलेला शिक्का, प्रत्येक काचेवर खोली क्रमांक आणि सर्वाधिक वापराच्या मापाचे चार जादा दरवाजे मागितले आहेत. हॉटेलच्या व्यवस्थापनाने हीट सोकच्या वाढीव खर्चाला सुरुवातीला हरकत घेतली. तेव्हा मी त्यांना पोत्यातले तुकडे नेऊन दाखवले आणि ती हरकत मागे घेतली गेली.

दुसऱ्या मजल्याच्या नमुना खोलीत काल पारिजातताईंनी सांगितल्याप्रमाणे हाउसकीपिंगच्या दोन मुलींना बोलावले होते. स्थिर काचेच्या मागचा कोपरा पुसताना एकीचा खांदा टॉवेलच्या दांडीला अडकला. दांडी आता समोरच्या भिंतीवर जाईल. ग्राउट वाळले आहे, पट्टी पातळीत आहे, आणि सोमवारपासून गुण्या यांच्या पद्धतीने खोलीगणिक एक कागद घेऊन मोजणीला सुरुवात करीत आहोत.

---

गुण्या

सोमवारी पहिल्या खोलीचे माप दोघांनी स्वतंत्रपणे घ्या आणि मगच आकडे एकमेकांना दाखवा. फरक २ मिमीपेक्षा जास्त आला तर टेपचे टोक तपासा. टोकाचा हुक सैल झालेला असतो आणि तो सगळ्या खोल्यांत तेवढीच चूक करतो.